स्वस्त घराचं गणित खिडकीबाहेर सुरू होतं

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९ झालं, आता ३०० आहे. सगळी भांडणं आणि आश्वासनं या आकड्याभोवती फिरतात. पण त्या घरात राहणाऱ्यांची तब्येत, महिन्याचा खर्च आणि घरातून चालणारा कामधंदा ज्यांवर ठरतो, ते आकडे नकाशात दुसरीकडेच असतात. समोरची इमारत किती लांब आहे? हवा कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते? डक्टमधला (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतला) पाइप गळू लागला तर प्लंबरला तिथवर पोचता येतं का?

सुरुवात अंतरापासून करू, कारण तिथली चूक नंतर दुरुस्तच होत नाही. मुंबईच्या एम-पूर्व विभागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींचा, म्हणजे लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी यांचा, डॉक्टर आणि वास्तुरचनेच्या अभ्यासकांनी मिळून अभ्यास केला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींपासून जेमतेम ३ मीटरवर उभ्या आहेत. ज्या घरांतून आकाश कमी दिसतं, उजेड आणि हवा कमी येते, त्या घरांत क्षयाचे रुग्ण जास्त आढळले. खालचे मजले त्यात पुढे होते.

हे का होतं ते साध्या भूमितीतून दिसतं. तळमजला अधिक सात मजल्यांची इमारत धरा, उंची सुमारे २३ मीटर. पहिल्या मजल्यावरची खिडकी जमिनीपासून ४ मीटरवर, म्हणजे समोरची भिंत खिडकीच्या वर अजून १९ मीटर जाते. अंतर ३ मीटर असेल तर ही भिंत नजरेसमोर ८१ अंशांपर्यंत चढते आणि आकाशाची फक्त ९ अंशांची चीर उरते. तेच अंतर इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश, म्हणजे साधारण ७.७ मीटर ठेवलं, तर २२ अंश आकाश मिळतं. खिडकीवर थेट पडणारा आकाशाचा उजेड मात्र अंशांच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून झपाट्याने वाढतो: अंतर अडीचपट केलं की उजेड जवळजवळ सहापट होतो. म्हणूनच पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत दिलेली सवलत ही कागदावर दिसते तेवढी किरकोळ नसते. दोन-चार मीटर कापले की खालच्या तीन मजल्यांवर भर दुपारी दिवे लावावे लागतात, आणि त्याचं बिल आयुष्यभर रहिवासी भरतात.

हवेचंही तसंच. क्षयाचे जंतू खोकल्याबरोबर उडालेल्या अतिसूक्ष्म थेंबांत तासन्‌तास तरंगत राहतात. १२ चौरस मीटरच्या आणि २.७५ मीटर उंचीच्या खोलीत ३३ घनमीटर हवा मावते. तासाला तेवढीच हवा बाहेरून आली, तर तासाभरानंतरही मूळ दूषित हवेचा ३७ टक्के भाग खोलीतच असतो. त्याच्या सहापट हवा खेळली तर अर्धा टक्काही उरत नाही. यासाठी पंखा कामाचा नाही, तो आहे तीच हवा फिरवतो. लागतात ती दोन वेगवेगळ्या भिंतींमधली उघडी तोंडं.

राष्ट्रीय बांधकाम संहिता दमट उष्ण हवेसाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश एवढी खिडक्या-झरोक्यांची उघडी जागा मागते. म्हणजे १२ चौरस मीटरच्या खोलीला २ चौरस मीटर. पण ही सगळी जागा एकाच भिंतीत दिली तर नियम पाळूनही खोली कोंदटच राहते. मधल्या बंद पॅसेजच्या दोन्ही बाजूंना घरं असली की नेमकं हेच होतं: खिडकी एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला अंधाऱ्या बोळात उघडणारं दार, जे सुरक्षेसाठी बंदच असतं. उपाय तसा स्वस्त आहे. पॅसेजच्या एकाच बाजूला घरं ठेवायची, दुसरी बाजू गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीसारखी उघडी सोडायची आणि दाराच्या वर जाळीचा झरोका द्यायचा. दार लावलं तरी वारा आरपार जातो. यात बिल्डरची घरांची संख्या कमी होते, म्हणून ही मागणी नकाशा मंजूर होण्याआधीच लावून धरावी लागते.

आता ओल्या जागा. संडास, मोरी आणि स्वयंपाकाचा ओटा एकाच डक्टला पाठ लावून असले, आणि शेजारच्या घराचेही त्याच डक्टला, तर पाइपची लांबी आणि सांधे दोन्ही घटतात. गळती सहसा सांध्यातच होते, त्यामुळे हे महत्त्वाचं. डक्टमध्ये माणूस उभा राहून पाना फिरवू शकला पाहिजे, आणि तिथे जायला दर मजल्यावर पॅसेजमधून दार हवं. कोणाच्या तरी मोरीच्या खिडकीतून आत जावं लागत असेल तर दुरुस्ती होत नाही. मग मैलापाणी भिंतीतून झिरपत राहतं, सळ्या गंजतात आणि दहा वर्षांत गिलावा सुटतो. फरशी बसवण्याआधी मोरीत पाणी तुंबवून ४८ तास ठेवावं आणि खालच्या छताला ओल येते का ते पाहावं. ही चाचणी फुकट आहे, तरी घाईत हमखास वगळली जाते. मोरीची उंची २.१ मीटर पुरते, तेव्हा वर पोटमाळा निघतो. गोधड्या, मोठी पातेली आणि गणपतीचं मखर तिथे गेलं की खालची एक माणूस झोपण्याएवढी जागा मोकळी होते.

पुनर्वसनात बरीच वर्षं बिल्डरने दर घरामागे ४० हजार रुपये देखभालीसाठी जमा करायचे असत. सहा टक्के व्याज धरलं तर महिन्याला २०० रुपये. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे आणि साफसफाई यांना ते पुरणं कठीणच होतं. लिफ्ट बंद पडली की सातव्या मजल्यावरच्या म्हातारीचं खाली उतरणं थांबतं, आणि डबे करून विकणाऱ्या बाईचा धंदा बसतो.

पण एवढ्या माणसांना उंच इमारतीशिवाय जागा कशी पुरणार, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं एक उत्तर नवी मुंबईतच उभं आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी बेलापूरला १९८० च्या दशकात ५.४ हेक्टरवर साडेपाचशेच्या आसपास कुटुंबांची वसाहत आखली, हेक्टरी सुमारे ५०० माणसं, लिफ्टशिवाय. सात घरं ८ बाय ८ मीटरच्या अंगणाभोवती, असे तीन गट मिळून १२ बाय १२ च्या मोठ्या चौकाभोवती. दोन घरांत सामाईक भिंत नाही, त्यामुळे शेजाऱ्याला न विचारता खोली वाढवता येते. इंदूरजवळच्या ‘अरण्य’ नावाच्या वसाहतीत बाळकृष्ण दोशींनी वेगळी वाट घेतली: गरीब कुटुंबाला ३५ चौरस मीटरचा प्लॉट, जोतं आणि संडास-मोरी तयार, दर वीस घरांमागे एक सेप्टिक टँक, बाकीचं घर ऐपतीप्रमाणे. जे काम घरमालकाला एकट्याने जमत नाही, म्हणजे मैलापाणी, पाणी आणि पाया, ते आधी करायचं. भिंती तो बांधतोच. या पद्धतीतही धोका आहे: वाढीची मर्यादा आखली नाही तर लोक अंगणावर, खिडकीवर बांधकाम पुढे आणतात आणि तीच ९ अंशांची चीर पुन्हा तयार होते. पायाही पुढच्या मजल्याचं वजन धरूनच घालायला हवा.

पुण्यात येरवड्याला वस्ती न हलवता पक्की घरं बांधताना उंच इमारतीशिवायचीच वाट घेतली. कच्ची घरं तेवढीच पाडली, पक्की राहू दिली. त्यामुळे गल्ल्या आणि शेजार जागेवर राहिले.

नकाशा लोकांना दाखवायचा तर कागदावर दाखवून भागत नाही. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी महिला मिलन या आपल्या संघटनेतून लाकूड आणि कापड वापरून प्रत्यक्ष मापाचं घर उभं करून पाहिलं होतं, आणि १४ फूट उंचीची, वर माळा असलेली खोली पसंत केली होती. सोसायटीच्या सभेत हे कोणालाही करता येईल. मैदानावर चुन्याने भिंती आखा, दारं कुठल्या बाजूला उघडतात ते अर्धवर्तुळाने दाखवा, मग खाट, शिलाई मशीन, गॅस सिलिंडर आणि फ्रिजच्या मापाचे पुठ्ठे ठेवा. दोन माणसांना ओट्यापासून मोरीकडे एकाच वेळी चालायला सांगा. मोरीचं दार सिलिंडरला अडतं का, हे तिथेच कळतं, आणि तेव्हा ते बदलायला चुन्याची एक रेघ पुसावी लागते.