वीस मिनिटं, काचेची नळी आणि सिस्टरचं बोलणं

पावसाळ्यात तुरीच्या रानात भांगलताना पायाला काहीतरी चावलं, की मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोटकडचा माणूस मिळेल त्या गाडीत घालून सोलापूरच्या सिव्हिलला आणला जातो. सोबत पाच-सात जण असतातच. कॅज्युअल्टीतल्या सिस्टर शिरेतून दोन मिलिलिटर रक्त घेतात, काचेच्या कोरड्या नळीत सोडतात, नळी उभी करून ठेवतात आणि घड्याळ बघतात. पुढची वीस मिनिटं त्या नळीला कोणी हात लावायचा नाही. नातेवाइकांना दिसतं ते एवढंच, की आपला माणूस घामाघूम होऊन पडलाय आणि इथे कुणाला घाई नाही. आवाज चढतो तो इथेच.

नळीत काय चाललेलं असतं? घोणस आणि फुरसे या सापांच्या विषाने रक्त गोठवणारी प्रथिनं खर्ची पडतात. काचेच्या पृष्ठभागाला टेकलं की निरोगी रक्त आपोआप गोठायला लागतं. प्लास्टिकच्या नळीत हा भरवसा नाही, आणि काचेला साबणाचा अंश राहिला असेल तरी चाचणी फसते. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली आणि रक्त पातळच वाहिलं, तर विष कामाला लागलंय. मग प्रतिविषाच्या आठ ते दहा कुप्या सलाईनमधून सुरू होतात. गोठलं तरी सुटका नाही, चाचणी पुन्हा करावी लागते. नाग आणि मण्यार यांचं विष मज्जातंतूंवर जातं, ते या नळीत दिसतच नाही. म्हणून सिस्टर मध्येच येऊन ‘वर बघा’ म्हणतात, पापण्या जड झाल्यात का ते पाहतात, एका श्वासात आकडे मोजायला लावतात. बाजूला उभ्या असलेल्या मेव्हण्याला वाटतं, हे काय शाळेतले पाढे चाललेत! प्रतिविष तरी आधीच का टोचत नाहीत? तर ते घोड्याच्या रक्तद्रवापासून बनतं आणि काही जणांना त्याची तीव्र रिॲक्शन येते. विष भिनल्याची खूण नसताना ते देणं म्हणजे विनाकारण जोखीम.

आता दुसरी शक्यता बघू. रक्त काढता काढताच सिस्टर म्हणतात, “दादा, ही नळी वीस मिनिटं अशीच राहणार. रक्त गोठलं नाही तर लगेच औषध लावणार, गोठलं तर परत तपासणार. औषध लावल्यावर अंगाला खाज आली, थंडी वाजली तर मला लगेच सांगायचं, त्यावरचं इंजेक्शन तयार ठेवलंय.” घड्याळ लावून वाचा, पाव मिनिटाच्या आसपासचं काम आहे. आपण याला चांगुलपणा म्हणतो आणि सोडून देतो. माझ्या मते तो उपचाराचाच भाग आहे, आणि तसं म्हणायला आधार आहे.

२०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. योगायोगाने त्यातही सापच होते, पण संगणकावरचे. ४५ जणांना पडद्यावर दगड दाखवायचे आणि खाली साप आहे की नाही ते ओळखायला सांगायचं. साप निघाला की हाताला विजेचा खराखुरा, दुखेल असा झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून ताण मोजला जात होता. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना ताण कमाल असेल, असं कुणालाही वाटेल. निघालं उलटंच. ताण शिगेला पोचला तो शक्यता पन्नास-पन्नास टक्के असताना. वाईट घडणार हे पक्कं कळलेला मेंदू त्या मानाने शांत होता. कॅज्युअल्टीबाहेरच्या बाकड्यावर बसलेला माणूस नेमका या पन्नास टक्क्यांत अडकलेला असतो.

हा ताण मनापुरता राहत नाही. ॲड्रेनालिन वाढतं, नाडी धावते, रक्तदाब चढतो, हृदयाला जास्त ऑक्सिजन लागतो. छातीत कळ घेऊन आलेल्या माणसाला ही चैन परवडणारी नसते. भीतीने वेदनाही जास्त जाणवते. भारतातल्या सर्पदंशाच्या उपचारसूचनांमध्ये प्रथमोपचाराचं पहिलं काम ‘धीर द्या’ असं आहे, त्यानंतर चावलेला भाग न हलवणं आणि दवाखाना गाठणं. धीर द्यायला खरं कारणही आहे: बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. ‘काही होत नाही हो’ यापेक्षा हे वाक्य कितीतरी कामाचं, कारण ते खरं आहे.

स्पर्शाचंही थोडं सांगायला हवं. आपल्या केसाळ त्वचेत काही संथ मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर अशा सावकाश, हलक्या हाताने कुरवाळलं तर ते सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. २००६ साली अमेरिकेत जेम्स कोन यांनी विवाहित स्त्रियांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून झटक्याची भीती दाखवली होती. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची खळबळ चांगलीच कमी झाली, अनोळखी माणसाच्या हातानेही थोडी उतरली. सुई टोचताना दुसऱ्या हाताने मनगट धरून ठेवणाऱ्या सिस्टरांनी हे पेपर वाचलेले नसतात, त्यांचं काही अडतही नाही.

सोलापुरात आणखी एक गोष्ट आहे, भाषा. पूर्व भागातल्या विणकर आणि विडी कामगार घरांत तेलुगू चालते, अक्कलकोटच्या पलीकडून, इंडी-विजयपूरकडून येणाऱ्यांची कन्नड. तापाने फणफणलेल्या आजीला मराठी येत असलं तरी दुखणं मात्र तिच्या घरच्या भाषेतच सांगता येतं. ‘एक्कड नोप्पी?’ किंवा ‘एल्लि नोवु?’ एवढे दोन शब्द विचारले की ती बोट नेमकं ठेवते. हे कुठल्या अभ्यासक्रमात नसतं, ड्युटी करता करता येतं. नव्या सिस्टर-ब्रदरना पहिल्याच आठवड्यात असे वीसेक शब्द लिहून द्यायला काय हरकत आहे?

नातेवाइकांना आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं, हा वाद जुना. छाती दाबून हृदय सुरू करण्याची धडपड चालू असताना घरच्यांनी ते बघू नये, बिचारे आयुष्यभर विसरणार नाहीत, असं आपल्याला वाटतं. फ्रान्समध्ये ५७० नातेवाइकांवर झालेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. घरी हृदय बंद पडलेल्या रुग्णांच्या काही नातलगांना ‘थांबायचंय का?’ असं मुद्दाम विचारलं गेलं, बाकीच्यांच्या बाबतीत नेहमीची पद्धत चालली. तीन महिन्यांनी मानसिक आघाताची लक्षणं जास्त दिसली ती नेहमीच्या पद्धतीच्या गटात. उपचाराच्या यशावर परिणाम झाला नाही, डॉक्टर-नर्सचा ताणही वाढला नाही. अर्थात तिथे नातेवाइकांशी कसं बोलायचं ते आधी ठरलेलं होतं. आपल्याकडे दारात वीस माणसं असतात, सगळी आत घ्या असं कुणीच म्हणणार नाही. पण एकाला आत घेऊन त्याच्याशी बोलणारं कुणी असेल, तर बाहेरच्या एकोणीस जणांपर्यंत अफवेऐवजी बातमी पोचते. भिंतीवर २०१० च्या कायद्याचा बोर्ड असतो, रुग्णालयात हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद. बोर्ड हवाच. पण चढलेला आवाज बोर्ड वाचून खाली येत नाही.

आणि मृत्यू झाला असेल तर ‘मृत्यू झाला’ असंच सांगावं. ‘आता आमच्या हातात काही नाही’, ‘प्रयत्न केले’ यात ताणलेला मेंदू आशा शोधतो आणि मग विचारतो, पुण्याला हलवू का? सांगायचं काम डॉक्टरांचं, पण ते निघून गेल्यावर तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला जातो तो सिस्टरना. डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं ४० ते ८० टक्के माणूस लगेच विसरतो, असं अभ्यास सांगतात. तोच प्रश्न पुन्हा विचारणारा माणूस डोकं खात नसतो.

वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप मी हलका मानत नाही. एकेका सिस्टरमागे किती ट्रॉल्या असतात ते रात्री जाऊन बघावं. तरी दोन निष्कर्ष सांगतो. १९९९ च्या एका अमेरिकी प्रयोगात कर्करोगतज्ज्ञाच्या बोलण्यात चाळीस सेकंदांची आपुलकीची वाक्यं घातली, आणि ते चित्रीकरण पाहणाऱ्या स्त्रियांची चिंता मोजण्याइतकी उतरली. दुसरा टोरांटोचा, १९९५ चा. तातडीच्या विभागात आलेल्या १३३ बेघर माणसांपैकी निम्म्यांच्या आसपास जणांजवळ स्वयंसेवक आपुलकीने बसले. भीती अशी, की लाडावलेले लोक परत परत येतील. प्रत्यक्षात त्यांच्या फेऱ्या सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. ऐकून घेतलं गेल्यावर माणूस पुन्हा दार ठोठावत नाही.

सिस्टर स्वतः यात झिजतात का? दुसऱ्याचं दुःख नुसतं अंगावर घेत राहिलं तर झिजतात. तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी लोकांना दुःखाची दृश्यं दाखवून मेंदू तपासले. त्या दुःखात शिरायचा सराव केलेल्यांना स्वतःलाच जास्त त्रास झाला. त्यांनाच पुढे त्या माणसाचं भलं चिंतायचा सराव दिला, तेव्हा मेंदूतलं वेगळं जाळं जागं झालं आणि मनःस्थिती सावरली. म्हणून ‘मी काय करू शकते ते सांगते’ हा पवित्रा रुग्णाइतकाच सिस्टरनाही धार्जिणा. पण त्याचा दाखला देऊन सिस्टरांच्या रिकाम्या जागा भरायच्या टाळल्या, तर ती शुद्ध लबाडी होईल.

माहिती दोन्ही बाजूंनी जावी लागते, आणि नातेवाइकांच्या हातातही पुष्कळ असतं. १०८ ला फोन करतानाच किती वाजता चावलं ते सांगा. बोलायला एकच माणूस पुढे करा. चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. साप मारून आणायच्या भानगडीत पडू नका, त्यात दुसराही चावून घेतो. सूज चढायच्या आत अंगठी, पैंजण, जोडवी काढा. दोरी बांधू नका. कुणी बांधलीच असेल तर वाटेत सोडू नका, ती केव्हा आणि कशी सोडायची ते कॅज्युअल्टीत ठरेल, आणि ती किती वाजता बांधली हेही सिस्टरना सांगा.