गर्भाशय-अस्तराचा कर्करोग : शस्त्रक्रियापूर्व हिस्टेरोस्कोपी

गर्भाशयाच्या अस्तरात सुरू झालेला कर्करोग खाली ग्रीवेपर्यंत (गर्भाशयाच्या मुखापर्यंत) उतरला आहे का, हे योनिमार्गे दुर्बीण घालून पाहण्याची तपासणी. १८६९ मध्ये पँटेलिओनी या डॉक्टरांनी पाळी गेल्यावर रक्तस्राव होणाऱ्या एका स्त्रीच्या गर्भाशयात नळीतून पाहून गाठ शोधली होती. आजही ही तपासणी बहुतेकदा त्याच तक्रारीवरून करावी लागते.

फिगो या स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २००९ च्या वर्गीकरणात कर्करोग ग्रीवेच्या आधार-ऊतीत (ग्रंथींभोवतीच्या, त्यांना आधार देणाऱ्या ऊतीत) शिरला असेल तर तो दुसरा टप्पा. ग्रीवेच्या ग्रंथींपुरताच असेल तर पहिलाच. त्यावर शस्त्रक्रियेचा आवाका आणि नंतरचे किरणोपचार ठरतात. पूर्वी यासाठी ग्रीवा आणि पोकळी वेगवेगळी खरवडत. त्यात वरून गळलेले गाठीचे तुकडे ग्रीवेच्या नमुन्यात मिसळत आणि नसलेला प्रसार ‘आहे’ असा अहवाल येई.

सुमारे २.९ मिमी जाडीची, ३० अंश तिरकस दृष्टीची दुर्बीण आवरणासह साधारण ५ मिमी होते. स्पेक्युलम (योनी उघडी धरणारे उपकरण) न लावता योनीत सलाईन सोडतात आणि पाण्याच्या धारेमागून ग्रीवेत शिरतात. ग्रीवा आत जातानाच नीट पाहावी. एकदा गाठीला धक्का लागून रक्त सुटले की परतताना काही दिसत नाही. जाड, वेड्यावाकड्या, मध्येच फुगलेल्या रक्तवाहिन्या, मेंदूच्या वळ्यांसारखा उंचसखल पृष्ठभाग आणि पिवळट-पांढरी मृत ऊती ही संशयाची चिन्हे. गाठीची खालची कड अंतर्मुखापासून (ग्रीवा जिथे गर्भाशयाच्या पोकळीत उघडते तिथून) किती दूर आहे, हे अहवालात हवेच.

बायोप्सीसाठी चिमट्याचे उघडे जबडे ऊतीत रुतवून थोडे पुढे सरकवतात, मग मिटतात. तुकडा मोठा असेल तर चिमटा नळीतून ओढू नये, दुर्बिणीसकट बाहेर काढावा. नाहीतर निम्मा नमुना वाटेतच गळतो. ग्रीवेचा तुकडा वेगळ्या बाटलीत जातो.

फसगत मुख्यतः दोन ठिकाणी होते. देठाने लोंबणारी गाठ ग्रीवेत उतरली की ती तिथलीच वाटते. पाण्याचा प्रवाह कमी-जास्त करून ती हलते का आणि मूळ कुठे आहे ते पाहावे. दुसरे म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत असूनही खाली आधार-ऊतीत कर्करोग असू शकतो. तो दुर्बिणीला दिसत नाही, गर्भाशयाच्या स्नायूत कर्करोग किती खोल गेला आहे तेही नाही. त्यासाठी एमआरआय लागतो. वयस्क स्त्रियांत ग्रीवा आक्रसलेली असते. जोर लावला तर चुकीची वाट पडते किंवा गर्भाशयाला भोक पडते.

सलाईनचा दाब दिसण्यापुरताच, शक्यतो ७०-८० मिमी पाऱ्याच्या आत ठेवतात, कारण कर्करोगाच्या पेशी बीजवाहिन्यांतून पोटात जाऊ शकतात. त्याने रोग बळावतो असे ठामपणे सिद्ध झालेले नाही आणि पोटातील द्रवाच्या पेशी-तपासणीचा निकष फिगोने २००९ मध्येच टप्पा ठरवण्यातून वगळला. तरी दाब वाढवायला ते निमित्त नव्हे. योनीतून पाहताच ग्रीवेवर गाठ दिसत असेल तर दुर्बिणीच्या फंदात न पडता तिथूनच तुकडा घ्यावा.