घरातील झाडांमधील अन्नद्रव्य-कमतरतेचे निदान

कुंडीतल्या झाडाची पाने, मुळे, माती आणि पाणी तपासून त्याला कोणते अन्नद्रव्य कमी पडते आहे हे ओळखण्याची पद्धत. वनस्पतींना 17 मूलद्रव्ये अत्यावश्यक मानली जातात. कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन ही तीन हवा-पाण्यातून मिळतात, उरलेली 14 मुळांवाटे यावी लागतात. यादीत सर्वांत शेवटी भर पडली ती निकेलची, 1987 मध्ये. घरातल्या कुंडीत मात्र गाठ पडते ती चार-पाचांशीच : नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅशियम), मॅग्नेशियम, लोह आणि कधीमधी कॅल्शियम.

पान पिवळे पडले की पहिला प्रश्न ‘किती पिवळे’ हा नसून ‘कुठले पान’ हा आहे. नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश आणि मॅग्नेशियम झाडाच्या अंगात फिरू शकतात. तुटवडा आला की झाड जुन्या पानांतून ती काढून कोवळ्या शेंड्याला पुरवते, म्हणून खालची पाने आधी उतरतात. लोह, कॅल्शियम आणि बोरॉन एकदा जिथे बसले तिथून फारसे हलत नाहीत. त्यांची उणीव नव्या पानात दिसते. एवढी एक खूण नीट पाहिली तरी निम्मे निदान होते.

त्यानंतर पानावरचा नमुना पाहावा. नत्र कमी असेल तर जुने पान शिरांसकट सगळेच फिकट होते आणि झाडाची वाढ खुंटते. वर्षानुवर्षे नुसत्या पाण्याच्या बाटलीत ठेवलेला मनीप्लांट हे याचे घरोघरी दिसणारे उदाहरण : वेल जगतो, पण पाने बोटभर लांबीची आणि पोपटी राहतात. मॅग्नेशियम हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी असते. ते कमी पडले की जुन्या पानाच्या कडा पिवळ्या होतात व मध्ये हिरवा पट्टा उरतो. पालाशच्या उणिवेत जुन्या पानाची टोके व कडा करपतात. अरेका पामच्या झावळ्यांवर आधी नारिंगी-पिवळे ठिपके येतात. स्फुरदाची कमतरता (काळपट, जांभळट पाने) घरात विरळाच. उलट स्फुरदयुक्त खताचा अतिरेक लोहाच्या शोषणात आडवा येतो.

लोहाची गोष्ट जरा वेगळी आहे. कोवळे पान पिवळे, पण शिरा हिरव्यागार, जणू हिरव्या दोऱ्याची जाळी, हे लोहाच्या उणिवेचे रूप. उसात अशी पाने दिसली की शेतकरी ‘केवडा पडला’ म्हणतात. (द्राक्षावरील एका बुरशीजन्य रोगालाही हेच नाव आहे, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊन औषध आणू नये.) कुंडीत लोह बहुधा असतेच, पण मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) 7 च्या वर गेला की ते न विरघळणाऱ्या रूपात अडकते. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातले बोअरचे पाणी बरेचदा जड असते. तेच पाणी महिनोन् महिने घातलेल्या कुंडीत सामू हळूहळू चढतो, आणि गार्डेनिया, इक्झोरा यांसारखी आम्लप्रिय झाडे आधी तक्रार करतात. अशा वेळी आणखी शेणखत घालून काही साधत नाही. सामू उतरवावा किंवा चिलेटेड लोह (सेंद्रिय रेणूत धरलेले, विरघळलेले राहणारे लोह) द्यावे. त्यातही ईडीटीए प्रकार अल्कधर्मी मातीत टिकत नाही, ईडीडीएचए टिकतो.

लोहाचा संशय पडताळण्याची एक जुनी, सोपी चाचणी आहे. फ्रान्समध्ये यूझेब ग्री यांनी 1840 च्या दशकात पिवळ्या पानांवर लोहाचे क्षार लावून पाने हिरवी होतात हे दाखवले होते. घरी अर्धा लिटर पाण्यात एक ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून ब्रशने पानाच्या अर्ध्याच भागावर लावावा आणि उरलेला अर्धा तसाच सोडावा. आठ-दहा दिवसांत लावलेला भाग हिरवट झाला तर उणीव लोहाचीच. द्रावण ताजे हवे. तांबूस झालेले निरुपयोगी, कारण त्यातल्या लोहाचे ऑक्सिडीकरण झालेले असते.

घरातली बहुसंख्य पिवळी पाने मात्र कोणत्याच अन्नद्रव्याच्या उणिवेची नसतात. खत घालण्याआधी झाड कुंडीतून अलगद उपसून मुळे पाहावीत. पांढरी, टणक मुळे म्हणजे सारे ठीक. तपकिरी, बोटाने दाबताच साल निसटणारी आणि कुबट वासाची मुळे म्हणजे पाणी जास्त झाले आहे. कुजलेल्या मुळांना मातीतले अन्न उचलता येत नाही, म्हणून पानांवर नत्राच्या उणिवेसारखेच चित्र उमटते, आणि त्यावर खत घातले तर मुळे आणखी होरपळतात. लाल कोळी या अतिसूक्ष्म किडीने रस शोषलेले पानही बारीक फिकट ठिपक्यांनी उणीवग्रस्त वाटते. पानाची खालची बाजू भिंगातून पाहिली की उलगडा होतो. स्पायडर प्लांट व ड्रेसीना यांची टोके फ्लोराइडनेही करपतात. तळाचे एखादे पान म्हातारपणाने गळणे हा तर आजारच नव्हे.

कुंडीच्या काठावर जमलेला पांढरा थर क्षार साचल्याची खूण आहे. अशी कुंडी मोरीत ठेवून, भोके मोकळी करून, तिच्या आकारमानाच्या दोन-तीन पट पाणी सावकाश ओतावे. कोकोपीटमध्ये (नारळाच्या सोडणाच्या भुशात) वाढवलेल्या झाडांबाबत आणखी एक अडचण : न धुतलेल्या कोकोपीटमध्ये पालाश व सोडियम भरपूर असतात आणि ते कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवते. त्यामुळे वरून खत चालू असतानाही या दोहोंची उणीव दिसू शकते.

कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढते. बंद, दमट खोलीत बाष्पोत्सर्जन (पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडणे) मंदावते, आणि मातीत कॅल्शियम असूनही कोवळी पाने वेडीवाकडी, टोकाशी जळकी निघतात. तेव्हा चुन्यापेक्षा खिडकी उघडणे अधिक कामाचे.

उपचारानंतर लक्ष नव्या पानांवर ठेवावे, कारण करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. तरीही पालाशच्या उणिवेने ठिपकाळलेली अरेकाची झावळी विद्रूप दिसते म्हणून लगेच छाटू नये. झाड तिच्यातूनच पालाश काढून नव्या झावळीला देत असते. ती छाटली की ठिपके तिच्या वरच्या झावळीवर लवकर चढतात.