भूल परिचारिका

भूल देण्याचे किंवा भूलतज्ज्ञाला साहाय्य करण्याचे प्रशिक्षण घेतलेली परिचारिका. या व्याख्येतला ‘किंवा’ महत्त्वाचा आहे, कारण देशागणिक तिचा अधिकार बदलतो.

अमेरिकेत परिचारिका स्वतः भूल देते. ही परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची. मेयो क्लिनिक या प्रसिद्ध रुग्णालयाच्या मेयो बंधू या शल्यचिकित्सकांसोबत काम करणाऱ्या अ‍ॅलिस मॅगॉ यांनी १९०६ मध्ये १४,००० हून अधिक रुग्णांना दिलेल्या भुलीचा अहवाल मांडला; भुलीमुळे थेट एकही मृत्यू त्यात नव्हता. तिथे भूल परिचारिका होण्यासाठी अतिदक्षता विभागातील किमान एका वर्षाचा अनुभव लागतो आणि २०२२ पासून नव्या विद्यार्थ्यांना डॉक्टरेटचाच अभ्यासक्रम घ्यावा लागतो.

भारतात भूल देणे हे डॉक्टरचे काम. एमबीबीएसनंतर तीन वर्षांची एमडी किंवा दोन वर्षांची पदविका घेऊन भूलतज्ज्ञ होता येते. नाशिकच्या एखाद्या रुग्णालयात ओटीतली (शस्त्रक्रियागृहातली) सिस्टर सलाइन लावते, धीर देते, म्हणून नातेवाइकांना ‘सिस्टरने भूल दिली’ असे वाटू शकते. औषध आणि मात्रा मात्र भूलतज्ज्ञ ठरवतो.

येथील परिचारिका तीन वर्षांचा जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिसेवा) किंवा चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रम करून येते. बीएस्सीची पदवी देणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना १९९८) नाशिकलाच, म्हसरूळला आहे. पुढे शस्त्रक्रियागृह परिचर्येची एक वर्षाची पदविका घेता येते. भुलीची यंत्रे सांभाळणाऱ्या भूलतंत्रज्ञाचा अभ्यासक्रम वेगळा.

तिचे काम दुय्यम समजणे मात्र चूक ठरेल. रुग्ण टेबलावर येण्याआधी ऑक्सिजन, सक्शन (घशातला स्राव ओढून घेणारे यंत्र), लॅरिंगोस्कोपचा (घशात पाहायच्या उपकरणाचा) दिवा, श्वासनळीत घालायच्या योग्य मापाच्या नळ्या तपासलेल्या असाव्या लागतात. भरलेल्या प्रत्येक सिरिंजवर औषधाचे नाव लागते. उपाशीपोटाची चौकशी तर सगळ्यात नाजूक. ‘काही खाल्लं नाही, नुसता चहा घेतला’ हे उत्तर ऐकले की तिने लगेच भूलतज्ज्ञाला सांगायला हवे. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा अन्नासारखाच धरतात आणि त्यानंतर सहा तास थांबावे लागते. भुलीत पोटातले वर येऊन फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते.

शस्त्रक्रियेनंतरही धोका टळलेला नसतो. अर्धवट शुद्धीत जीभ मागे पडून श्वास अडू शकतो. अशा वेळी रिकव्हरीतली (शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला ठेवतात त्या खोलीतली) सिस्टर मॉनिटरच्या आकड्यांवर विसंबून राहत नाही. रुग्णाची छाती हलते का ते पाहते, हनुवटी उचलून धरते आणि भूलतज्ज्ञाला हाक मारते.