गप्पी की गॅम्बुशिया? टाकीत सोडण्याआधी एकदा नीट बघा

मागच्या पावसाळ्यात मावसभाऊ गावाहून आला तो प्लास्टिकच्या पिशवीत पंधरा-वीस मासे घेऊनच. शेततळ्यातले होते. "गप्पी आहेत, तुझ्या टाकीत सोड," म्हणाला. मासे लहान, करडे, चपळ. पोट सुटलेल्या माद्या आणि त्यांच्या मागे लागलेले बारके नर. मी पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवली, थोडं थोडं पाणी मिसळलं आणि सगळे आत सोडले. टाकीत आधीपासून सहा रंगीत गप्पी नर होते. आठवड्याभरात त्यांच्या शेपट्या कात्रीने कातरल्यासारख्या झाल्या. दोघं तर वॅलिसनेरिया या पाणवनस्पतीच्या पात्यांमागे उभे राहायचे, खाणं टाकलं तरी वर येत नसत. दहाव्या दिवशी पहिला मेला. ते पाहुणे गप्पी नव्हतेच, गॅम्बुशिया या दुसऱ्याच जातीचे होते.

ही चूक पुष्कळांकडून होते, कारण आपल्या बोलण्यात डासांच्या अळ्या खाणारा कुठलाही बोटाएवढा मासा म्हणजे गप्पीच. "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" हे भिंतींवर रंगवलेलं वाचतच आपण मोठे झालो. हौदातून विहिरीत, विहिरीतून शेततळ्यात, शेततळ्यातून बादलीने पुन्हा दुसऱ्या हौदात असे मासे फिरत राहतात. त्या प्रवासात दोन्ही जाती मिसळतात आणि पिशवी हातात देणाऱ्यालाही ते माहीत नसतं.

दोघेही मूळचे आपल्याकडचे नाहीत. गप्पी दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य टोकाचा, व्हेनेझुएला आणि त्रिनिदाद भागातला. 1866 साली रॉबर्ट जॉन लेचमेर गपी यांनी त्रिनिदादहून त्याचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि त्यांचं आडनाव माशाला कायमचं चिकटलं. शास्त्रीय नाव मात्र पोसिलिया रेटिक्युलाटा, म्हणजे जाळीदार. अंगावरच्या खवल्यांच्या कडांनी जाळी विणल्यासारखी दिसते म्हणून. गॅम्बुशिया अमेरिकेच्या दक्षिण भागातला, मिसिसिपी खोऱ्यातला. त्याचं नाव क्यूबातल्या बोलीतून आलं. तिथे कोळी रिकाम्या हाताने परतला की "गॅम्बुसिनो पकडायला गेला होता" म्हणत. भारतात तो 1928 मध्ये इटलीहून आणला गेला. गप्पी त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला होता. दोघांना आणण्याचं कारण एकच, हिवताप.

एकाच कुळातले असल्यामुळे साम्यही खूप आहे. दोघेही अंडी न घालता जिवंत पिल्लं देतात. दोघांच्या माद्या एकदा नराशी संग झाला की पुढचे काही महिने नराशिवायही पिल्लं देत राहतात. मादीच्या पोटामागचा काळसर डागही दोघींना असतो. "डाग आहे म्हणजे गप्पीच" असं कोणी सांगितलं तर ते धरून चालू नका. दोघांचा संकर मात्र होत नाही, त्यामुळे अर्धा गप्पी अर्धा गॅम्बुशिया असा प्रकार तुमच्या हाती येणार नाही. जो मासा समोर आहे तो या दोहोंपैकी एकच.

आता ओळखायचं कसं? मी हे आता दर वेळी करतो. लोणच्याची काचेची बरणी स्वच्छ धुऊन घेतो, साबण न लावता. त्यात मासा ज्या पाण्यातून आला तेच पाणी घालतो, मागे पांढरा कागद उभा करतो आणि खिडकीपाशी नेऊन बघतो. मोबाईलने जवळून फोटो काढला तर आणखी सोपं, मासा हलला तरी फोटो हलत नाही.

आधी नर शोधायचा. नराच्या पोटाखाली, मागच्या बाजूला पराऐवजी एक बारीक काडी असते. तिनेच तो मादीशी संग करतो. मादीला तिथे पंख्यासारखा पर असतो. नर सापडला की अर्धं काम झालं. गप्पीच्या नराच्या अंगावर रंग असतो, मग तो दुकानातला झुबकेदार शेपटीचा असो की गावच्या हौदातला साधा. नारिंगी ठिपका, काळा ठिपका, कधी निळसर हिरवी झाक, काहीतरी असतंच. गॅम्बुशियाचा नर मादीसारखाच करडा, शेवाळी. त्याची ती काडीही लांब आणि सरळ दिसते. गप्पीची त्या मानाने आखूड.

नर बघूनही शंका राहिली तर त्याला मादीजवळ दहा मिनिटं बघा. मला ही खूण सगळ्यात जास्त आवडते, कारण इथे मासाच सांगतो मी कोण. गप्पीचा नर मादीच्या समोर येतो, अंग इंग्रजी एससारखं वाकवतो, सगळे पर ताणून उघडतो आणि थरथरतो. मादी निघून गेली तर पुन्हा वळसा घालून समोर येतो. तोही कधी मागून घुसतो, पण हा नाच त्याच्या रोजच्या दिवसाचा भाग आहे. गॅम्बुशियाचा नर नाचत नाही. मादीच्या मागे, किंचित खाली, नजरेआड राहून पोहत राहतो आणि संधी मिळताच झडप घालतो. दिवसभर तेच. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की लांबूनही कळतं.

नुसत्या माद्याच आल्या असतील तर जरा कठीण आहे. गॅम्बुशियाच्या शेपटीवर आणि पाठीवरच्या परावर मोहरीहूनही बारीक काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. साध्या गप्पी मादीचे पर बहुधा नितळ असतात. बऱ्याच गॅम्बुशियांच्या डोळ्याखाली काळी तिरकी रेघ असते, काजळ ओघळल्यासारखी. डोकं वरून चपटं, तोंड वर वळलेलं. पाठीवरचा पर बराच मागे, शेपटीकडे सरकलेला. आणि आकार: साडेपाच-सहा सेंटिमीटरची करडी मादी दिसली तर माझा पहिला संशय गॅम्बुशियावरच जातो. यातली एखादीच खूण जुळली म्हणून निर्णय घेऊ नका, तीन तरी जुळू द्या.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हौदातले गप्पी नर दुकानातल्यांपेक्षा फिके का असतात, असं मला लहानपणापासून वाटायचं. जॉन एन्डलर या शास्त्रज्ञाने त्रिनिदादच्या ओढ्यांमध्ये अशाच प्रश्नावर काम केलं. जिथे गप्पीला खाणारे मोठे मासे जास्त, तिथले नर फिके. जिथे असे शत्रू कमी, तिथले भडक. 1980 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्याने दाखवून दिलं की शिकारी मासे सोबत ठेवले की काही पिढ्यांत नरांवरचे ठिपके कमी होतात आणि शत्रू नसले की वाढतात. मादीला भडक नर आवडतो, शत्रूलाही तोच आधी दिसतो. दुकानातली भलीमोठी शेपूट ही माणसाने निवडून निवडून वाढवलेली आहे, आणि नेमकी तीच गॅम्बुशियाच्या तोंडी येते. लांब शेपटीचा मासा हळू पोहतो, त्याला पळता येत नाही.

हिवताप नियंत्रणासाठी गॅम्बुशिया काम करणारा मासा आहे, हे मी नाकारत नाही. सरकारी मार्गदर्शक माहितीत एक पूर्ण वाढलेला गॅम्बुशिया दिवसाला 100 ते 300 अळ्या खातो आणि गप्पी 80 ते 100, असे आकडे दिलेले आहेत. गॅम्बुशिया थंडीही चांगली सोसतो. निफाडसारख्या ठिकाणी हिवाळ्यात पारा पाच-सहा अंशांवर येतो, तिथे उघड्यावरच्या लहान टाकीत गप्पीचा टिकाव लागणं अवघड. दहा अंशांखाली तो फार काळ जगत नाही. उलट सेंद्रिय घाण असलेलं पाणी गप्पी जास्त सहन करतो, म्हणूनच तो शहरातल्या गटारांतही दिसतो. पण हा सगळा हिशोब हौदाचा आणि गटाराचा झाला. बैठकीच्या खोलीतल्या दीड फुटी टाकीचा हिशोब वेगळा आहे.

माझी टाकी दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. कागदावर चाळीस लिटर. माती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर पाणी तीस-बत्तीस लिटरच. एवढ्या पाण्यात एकाने दुसऱ्याचा पाठलाग सुरू केला तर लपायला जागा उरत नाही. गॅम्बुशिया पराला चावतो, पिल्लं खातो, लाल चेरी कोळंबी ठेवली असेल तर तिची पिल्लंही फस्त करतो. गप्पीही पिल्लं खातो, स्वतःचीसुद्धा, पण जावा मॉसचा दाट गुच्छ आणि वर तरंगणारी सॅल्व्हिनिया असेल तर त्यातली बरीच वाचतात. मोठ्या कोळंबीला तो सहसा त्रास देत नाही.

झाडांचंही गप्पीशी जमतं. त्याला थोडं जड, किंचित अल्कधर्मी पाणी मानवतं, साधारण सात ते आठ पीएच. दख्खनच्या पठारावरच्या बोअरचं पाणी अनेकदा तसंच असतं. वॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट, जावा फर्न, अ‍ॅनुबियास ही सगळी त्या पाण्यात वाढतात, वेगळा कार्बन डायऑक्साइड लागत नाही. एक काळजी घ्यायची: जावा फर्न आणि अ‍ॅनुबियासचं आडवं खोड मातीत पुरायचं नाही, दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायचं, पुरलं की कुजतं. दिवा सात-आठ तास पुरे. जास्त ठेवला तर झाडांच्या आधी शेवाळ खूश होतं. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडवूनच घालायचं. बादलीत रात्रभर ठेवा किंवा हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे वापरा.

सगळ्यात जास्त घाई होते ती टाकी भरल्याबरोबर मासे सोडायची. माशांच्या शीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरा बराच निरुपद्रवी आणि झाडांच्या कामाचा. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. जोमाने वाढणारी झाडं बराचसा अमोनिया स्वतःच घेतात, पण म्हणून पहिल्याच दिवशी दहा मासे सोडू नका. आधी दोन सोडा, पंधरा दिवस बघा. नंतर दर आठवड्याला पाव पाणी बदला आणि दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं दिवसातून एकदा द्या.

संख्येचं म्हणाल तर एवढ्या टाकीत पाच-सहा नर, बस्स. जोड्या ठेवायच्या असतील तर एका नराला दोन-तीन माद्या हव्यात, नाहीतर मादीला उसंत मिळत नाही. आणि दर चार आठवड्यांनी एकेका मादीची वीस-तीस पिल्लं कुठे देणार, हे आधी ठरवा. ओळखीत कोणी तयार नसेल तर नुसते नर ठेवणंच बरं. मी तेच करतो.

पाहुणे गॅम्बुशिया निघाल्यावर त्यांना पकडणं हे वेगळंच काम होतं. झाडांच्या टाकीत जाळी फिरवली की मुळं उपटतात आणि मासे मात्र निसटतात. शेवटी पाणी एक तृतीयांशावर आणलं, एका कोपऱ्यात खाणं टाकलं आणि वर आलेले दोन-दोन, तीन-तीन उचलले. उरलेले रात्री दिवा बंद करून तासाभराने, झोपाळलेले असताना धरले. तरी महिनाभर मॉसमधून नवी पिल्लं डोकावत राहिली. तेव्हा गप्पीची एकही मादी टाकीत नव्हती, त्यामुळे ती कोणाची हे कोडं नव्हतं. एकेक करून काढत गेलो.

काढलेले मासे ओढ्यात, तळ्यात किंवा बारवेत सोडून द्यायचा मोह होतो. कृपा करून सोडू नका. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत गॅम्बुशियाचं नाव आहे. तो नुसत्या अळ्या खात नाही. बेडकांची लहान पिल्लं कुरतडतो, इतर माशांची अंडी-पिल्लं खातो. सह्याद्रीतल्या ओढ्यांत डोक्यावर चमकता ठिपका मिरवणारा आपला पँचॅक्स आधीपासूनच डासांच्या अळ्या खात आला आहे, आणि गोव्यात त्याच्याच जवळच्या जातीचा, अ‍ॅप्लोकेलस ब्लॉकीचा, हिवताप नियंत्रणासाठी वापरही करून पाहिला गेला. गप्पीही बाहेर सोडायचा मासा नव्हे. पाण्याबाहेरच्या रस्त्याने येणारं संकट आपल्याला दिसतं, पाण्यातलं दिसत नाही.

माझे सतरा गॅम्बुशिया गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीत आहेत. वर जाळी आहे, आणि पाणी ओसंडायच्या भोकालाही बारीक जाळी बसवली आहे, म्हणजे पावसात कोणी वाहून जाणार नाही. खालच्या टाकीतल्या पाच गप्पींच्या शेपट्या दीड महिन्यात भरून आल्या. मुळाशी इजा झाली नव्हती म्हणून आल्या. एकाची मात्र वरच्या बाजूला थोडी आखूडच राहिली आहे. खाणं टाकलं की सगळ्यात आधी तोच वर येतो.