रोशा तेल, टाकळा आणि न जाणारा नायटा

धुळे-जळगावकडच्या मेडिकलमध्ये हल्ली टी ट्री या ऑस्ट्रेलियातल्या झाडाच्या सुगंधी तेलाच्या छोट्या बाटल्या दिसतात. जांघेत नायटा, म्हणजे बुरशीचा खाजरा चट्टा उठला, मलमाने गेला आणि पंधरा दिवसांत परत आला, की माणूस अशा बाटलीकडे वळतो. ‘आपले पूर्वज तेलानेच बरे करायचे’, असं सांगणारंही कुणीतरी भेटतंच. खानदेशापुरतं हे अर्धंच खरं आहे. सुगंधी तेल इथलं होतं, पण नायट्याचं औषध ही त्याची मुख्य ओळख नव्हती.

हे तेल रोशा गवताचं. संस्कृतात रोहिष, बाहेरच्या बाजारात पामारोझा. पावसाळा सरता सरता गवत फुलावर आलं की ते कापायचं आणि नाल्याकाठी तेल काढायची भट्टी लावायची, कारण वाफ थंड करायला वाहतं पाणी हवं. १८८०च्या खानदेश गॅझेटियरमध्ये या धंद्याची नोंद आहे; पिंपळनेर, नंदुरबार, तळोदा हा त्याचा मुलूख. गवताच्या जाती दोन, मोतिया आणि सोफिया. मोतिया कोरड्या उतारावर विरळ उगवतो, आणि किंमत त्याच्याच तेलाला, कारण त्यात गुलाबाच्या वासाचं जिरॅनिऑल भरपूर असतं, साधारण पाऊण हिस्सा किंवा त्याहूनही जास्त.

गंमत पुढेच आहे. मुंबई बंदरातून हे तेल तांबड्या समुद्रावरच्या बंदरांत आणि तिथून तुर्कस्तानात जायचं. तिथे ते गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरत. युरोपात त्याला ‘तुर्की जिरॅनियम तेल’ असंच नाव पडलं, म्हणजे गवत आपल्या डोंगरातलं आणि नाव तुर्कांचं! औषध म्हणून त्याचा लौकिक होता तो मुख्यतः जुनाट संधिवातावर चोळायचं तेल म्हणून.

मग नायट्याला काय लावायचे? टाकळा. पावसाळ्यात बांधावर, रस्त्याकडेला माजणारं हे झाड; कोवळ्या पाल्याची भाजी होते, बिया वाटून नायट्यावर लावतात. त्याचं एक संस्कृत नावच दद्रुघ्न, म्हणजे गजकर्ण मारणारा. त्यातला क्रायसोफॅनॉल हा घटक वाफेबरोबर सहज उडून जाणारा नाही, म्हणून भट्टीतून काढायच्या सुगंधी तेलांशी टाकळ्याचा संबंध नाही.

सुगंधी तेलं आणि बुरशी यांची सांगड विसाव्या शतकातली. ऑस्ट्रेलियात रसायनतज्ज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी १९२०च्या दशकात टी ट्री तेलाचा जंतुनाशक गुण दाखवला. १९३७ मध्ये फ्रान्समध्ये रसायनतज्ज्ञ रेने-मॉरिस गातफोसे यांचं ‘अरोमाथेरपी’ हे पुस्तक आलं आणि सुगंधी तेलांच्या उपचाराला हे नाव मिळालं. पुढे प्रयोगशाळांत जिरॅनिऑलही बुरशीच्या पेशीचं आवरण फोडतं असं आढळलं, आणि रोशा तेल पुन्हा चर्चेत आलं. पण काचेच्या बशीत बुरशी मरणं वेगळं आणि घामेजल्या जांघेतली मरणं वेगळं.

माणसांवरच्या ठळक चाचण्या टी ट्रीच्या आहेत, त्याही मुख्यतः पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांवर. १९९२च्या चाचणीत १० टक्के तेलाच्या क्रीमने त्रास कमी झाला, पण बुरशी गेली ती फक्त ३० टक्के रुग्णांची. नुसतं क्रीम लावणाऱ्यांत २१, टोलनाफ्टेट हे नेहमीचं बुरशीनाशक लावणाऱ्यांत ८५ टक्के. २००२ मध्ये ५० टक्के द्रावण चार आठवडे लावल्यावर ६४ टक्के रुग्णांची बुरशी गेली, औषधाविना द्रावण लावणाऱ्यांत ३१ टक्के. काहींची त्वचा मात्र चांगलीच भडकली. म्हणून बाटलीतलं निव्वळ तेल थेट जांघेवर चोळणं हा आगाऊपणाच.

तरीही लोक तेलाकडे का वळले, याचं मोठं कारण मलमांतच आहे. बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली मलमं वर्षानुवर्षं चिठ्ठीविना विकली गेली. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी तशीच पसरत राहते, आणि चट्ट्याचा आकार असा बदलतो की डॉक्टरलाही ओळखताना वेळ लागतो. त्यातच टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाला बऱ्याचदा न जुमानणारी एक बुरशी देशभर पसरली. २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए असं नाव मिळालं. त्यातला ‘इंडो’ आपलाच. ती अंगावर असेल तर पोटातून घ्यायचं औषध बऱ्याचदा बदलावं लागतं आणि ते अनेक आठवडे चालतं. घरातल्या दोघा-तिघांना असेल तर सगळ्यांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात.