बोंडअळीच्या पतंगांचा आंतरजातीय संकर

जवळच्या नात्यातल्या दोन जातींचे पतंग पिंजऱ्यात एकत्र सोडायचे, अंडी मिळतात का बघायचं आणि मिळाली तर ती संतती पुढे वाढते का वांझ निघते हे तपासायचं, असे हे प्रयोग. नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था 1976 पासून आहे, 2017 ला गुलाबी बोंडअळीनं विदर्भाचं काय केलं तेही सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे इथल्या वाचकाला पहिली शंका हीच येते की गुलाबी आणि हिरवी बोंडअळी यांचा संकर होईल का. नाही होत, दोघींची कुळंच वेगळी आहेत.

सगळ्यात गाजलेला प्रयोग अमेरिकेतला, 1972 चा. तंबाखू आणि कपाशीवर येणाऱ्या हेलिओथिस व्हायरेसेन्सचा नर आणि रसभरीच्या जातीतल्या झाडांवरच जगणाऱ्या सबफ्लेक्साची मादी. यांच्या संकरित माद्या धडधाकट निघाल्या पण नर वांझ, आणि त्या माद्यांना परत व्हायरेसेन्सचे नर दिले तरी पुढच्या पिढीतले नर पुन्हा वांझच, असं पिढ्यानपिढ्या चालत राहतं! मग हेच पतंग सोडून किडीची संख्या कमी करायची कल्पना निघाली आणि कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉई बेटावर करूनही पाहिली. यात नवल असं की जीवशास्त्रज्ञ हॉल्डेनच्या 1922 च्या नियमाप्रमाणे पतंगांच्या संकरात मादी बिघडायला हवी, कारण वेगवेगळी लिंग-गुणसूत्रं तिच्यात असतात, इथे नेमकं उलटं झालं.

आपली हिरवी बोंडअळी, म्हणजे हरभऱ्यावरची घाटेअळी, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. तिचा चीनमध्ये असल्टाशी, म्हणजे हेलिकोव्हर्पाच्याच दुसऱ्या एका जातीशी, संकर केला. असल्टाची मादी घेतली तर नर-मादी दोन्ही चांगले, पण आर्मिजेराची मादी घेतली तर धड नर आणि बाकी अर्धवट अवयवांचे वांझ पतंग, मादी एकही नाही. कामगंधात, म्हणजे नराला बोलवायला मादी सोडते त्या वासात, दोघींची मुख्य द्रव्यं तीच दोन, फक्त प्रमाण उलटं. म्हणून शेतात नर सहसा चुकत नाही आणि कामगंध सापळ्यातलं ल्यूर (वासाचं आमिष) जातीप्रमाणेच घ्यावं लागतं.

पिंजऱ्याबाहेर संकर होतच नाही असं मात्र समजू नका. 2013 ला आर्मिजेरा ब्राझीलमध्ये सापडली, तिथल्या झियाशी, म्हणजे हेलिकोव्हर्पाच्याच अमेरिकेतल्या जातीशी, तिचा शेतातच संकर झाला, आणि पायरेथ्रॉइड फवाऱ्याला दाद न देणारा आर्मिजेराचा जीन झियात गेला.